शालीआधी आसन द्या



८ मार्च जवळ आला की देशोदेशी कर्तबगार स्त्रियांच्या गौरवाचे सोहळे सुरू होतात. आपल्या देशातही राष्ट्रपतींच्या हस्ते स्त्रियांना नारीशक्ती पुरस्कार दिले गेले आहेत. हा सर्व थाट दूरच्या शहरांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे शिरूर अनंतपाळ परिसरातील आपल्यापैकी पुष्कळांना वाटत असेल. परंतु महाराष्ट्र शासनाने २०२३ साली प्रत्येक ग्रामपंचायतीच्या हद्दीतील दोन कर्तबगार स्त्रियांना पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाचा पुरस्कार, अहिल्यादेवींच्या जयंतीस म्हणजे ३१ मे रोजी, देण्याची योजना काढली. तेव्हापासून हा प्रश्न साकोळ, येरोळ आणि उजेडच्या चावडीवर येऊन बसला आहे. गावात कर्तबगार स्त्री कोणती, हे ठरवायचे कसे आणि ठरवायचे कोणी, याचा विचार आपणही केला पाहिजे.

स्त्रियांच्या गौरवाची कल्पना पश्चिमेकडून आली, असा समज आहे. तो खरा नाही. अंगुत्तर निकायातील एतदग्ग वर्ग उघडून पाहा. भगवान बुद्धांनी तेथे आपल्या शिष्यांपैकी कोण कोणत्या गुणात अग्रगण्य हे नावानिशी सांगितले आहे, आणि त्या नामावळीत १३ भिक्खुणी व १० उपासिका आहेत. प्रज्ञेत खेमा, विनयात पटाचारा, धम्म समजावून सांगण्यात धम्मदिन्ना, दानात विशाखा. प्रत्येकीच्या नावापुढे तिचे काम आहे. ती कोणाची पत्नी वा कोणाची कन्या म्हणून तेथे आलेली नाही.

त्याच नामावळीत बहुश्रुत उपासिका म्हणून खुज्जुत्तरेचे नाव आहे. ही कोण होती? कोसंबीच्या राणी सामावतीची दासी, पाठीला कुबड असलेली. पाली परंपरा असे सांगते की राणीसाठी फुले आणावयास ती गेली असता तिच्या कानी धम्म पडला. राजवाड्यातून बाहेर पडण्याची मुभा नसलेल्या राणीने, तू ऐकलेस ते आम्हांस सांग, असे तिला म्हटले. मग राणीने आपल्या दासीला उच्चासनावर बसविले आणि स्वतः इतर स्त्रियांसह खाली बसून तिचे ऐकले. पुढे खुज्जुत्तरा नित्य ऐकून येई आणि त्या स्त्रियांना सांगे. या क्रमाकडे लक्ष द्या. आधी तिला आसन मिळाले, बोलण्याचा अधिकार मिळाला. बहुश्रुत म्हणून गौरव त्यानंतर झाला. आपल्याकडे आज नेमके उलटे चालते. शाल प्रथम येते आणि आसन कधीच येत नाही.

इतिहासात आणखी एक दाखला आहे. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतिराव फुले यांचा महावस्त्र देऊन सत्कार झाला. तो योग्यच होता. पण ज्या शाळांसाठी तो झाला, त्या शाळांत उभे राहून शिकविणाऱ्या सावित्रीबाई होत्या. त्यांच्या कामाची खरी पावती १८५५ साली मिळाली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध त्या वर्षी 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. जिच्या पूर्वजांना अक्षराला स्पर्श करण्याची मनाई होती, ती मुलगी लिहू लागली आणि जग ते वाचू लागले. शिक्षिकेला याहून मोठा पुरस्कार कोणता?

आपल्या समाजातील स्त्रियांनी तरी मागितले काय होते? २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. पूज्य बाबासाहेब तेथे हजर होते आणि समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, या अर्थाचे विचार त्यांनी तेथे मांडले. त्या स्त्रियांनी ठराव केले ते घटस्फोटाच्या हक्काचे, बहुपत्नीत्वाच्या बंदीचे, कामगार स्त्रियांच्या रजेचे आणि कायदेमंडळातील प्रतिनिधित्वाचे. सत्काराची मागणी एकीनेही केली नाही. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा असंख्य माताभगिनी तेथे होत्या. पण हक्क आणि मानपान यांतला भेद त्यांना पुरता कळत होता.

तर मग पुरस्कार व्यर्थ आहेत काय? तसे मी म्हणत नाही. केनियाच्या वंगारी मथाई यांनी १९७७ पासून खेड्यातील स्त्रियांकडून झाडे लावून घेतली, त्यापायी सरकारचा रोष आणि मारहाण सोसली. २००४ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्या हजारो अनाम स्त्रियांच्या श्रमाला जगाने नाव दिले. काम आधी झालेले असेल तर पुरस्कार त्याला बळ देतो.

आपल्या लातूर जिल्ह्यातच याचे उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सुमारे दहा हजार माणसे गिळली. घरांच्या दुरुस्तीचे काम निघाले तेव्हा गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. ज्या कधी चावडीची पायरी चढल्या नव्हत्या, त्या सिमेंट, अनुदान आणि बांधकाम यांचा हिशेब विचारू लागल्या. त्या कामातून वाढलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने पुढे मराठवाड्यातील स्त्रियांना घरच्या जमिनीपैकी एखादा एकर स्वतःच्या निर्णयाने पिकविण्यास उभे केले. दुष्काळातही त्या तुकड्यातून घरचे धान्य आणि भाजीपाला निघावा, हा हेतू. या कार्याला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. येथेही क्रम तोच: अगोदर एक एकराचा निर्णय, मागाहून पारितोषिक.

आता आपल्या गावाकडे वळू. पंचायतीत स्त्रियांना राखीव जागा ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. आपल्या वस्तीतील भगिनीही त्यामुळे सरपंच झाल्या, सदस्य झाल्या. परंतु सभेला कोण जाते? सरपंचबाईंची खुर्ची नवऱ्याने अडवायची, सही तेवढी घरी नेऊन घ्यायची, आणि ३१ मे रोजी कोण्या भगिनीला शाल पांघरून टाळ्या वाजवायच्या, हा गौरव नव्हे. ही थट्टा आहे. आणि हे करणारे सगळेच परके नसतात, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. दीक्षाभूमीच्या २२ प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरांतही उताऱ्यावर एकट्या पुरुषाचे नाव असते.

कोणी म्हणतील, नावाचे एवढे काय? नाव म्हणजेच हक्काचा पुरावा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचा नियम राज्यात झाला आहे. पतीने सातबाऱ्यावर पत्नीचे नाव स्वेच्छेने लावण्याची वाट शासनाने १९९२ सालीच 'लक्ष्मी मुक्ती' योजनेने मोकळी केली. रमाई आवास योजनेतून घर मिळाले असेल तर ग्रामपंचायतीच्या नोंदीत पती-पत्नी दोघांची नावे आहेत काय, हे जाऊन पाहा. ज्या रमाईंनी २७ मे १९३५ रोजी डोळे मिटेपर्यंत कोणताही पुरस्कार पाहिला नाही, त्यांच्या नावाच्या घरावर घरच्या स्त्रीचे नाव नसावे, हे आपणांस शोभत नाही.

म्हणून बंधूंनो, येत्या ३१ मेच्या आत इतके करा. पुरस्कारासाठी नावे सुचविताना आपल्या वस्तीतील अंगणवाडी, बचतगट, शेतमजुरी यांत खपणाऱ्या भगिनींची नावे त्यांच्या कामाच्या वर्णनासह लेखी द्या. ग्रामसभेत घरातील स्त्रीला बरोबर न्या आणि ती बोलू लागली की आपण गप्प बसा. आणि भगिनींनो, तुम्हीही शाल स्वीकारताना खुर्ची मागा. खुज्जुत्तरेला दासी असताना आसन मिळाले. तुम्ही तर संविधानाच्या नागरिक आहात.

जय भीम!