हौस, गरज आणि कॅमेरा

डोळ्यांपुढून सरून जाणारा क्षण जतन करून ठेवावा, ही मनुष्याची फार जुनी इच्छा आहे. त्याने ती कधी दगडावर कोरून, कधी भिंतीवर रंगवून, तर कधी कागदावर लिहून पुरी केली. आज त्याच कामासाठी हाती डिजिटल कॅमेरा आला आहे. साधन सोपे झाले, स्वस्तही झाले. परंतु त्याची निवड मात्र पूर्वीपेक्षा अवघड झाली आहे. दुकानात मांडलेल्या दहा कॅमेऱ्यांपैकी कोणता घ्यावा, असा प्रश्न पडला की बहुतेक जण विक्रेत्याकडे, शेजाऱ्याकडे किंवा जाहिरातीकडे पाहतात. वस्तुतः पहिला प्रश्न स्वतःलाच विचारायला हवा : या कॅमेऱ्याने आपल्याला नेमके काय टिपायचे आहे?

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमहून कारैक्कालकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिरुनीलक्कुडी नावाचे गाव आहे. येथील नीलकंठेश्वराच्या मंदिराविषयी संत अप्पर यांनी रचलेली पदे तेवारममध्ये समाविष्ट आहेत. येथील शिवलिंगावर कितीही तेलाचा अभिषेक केला, तरी ते आतच मुरते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. या परिसरात वास्तव्य असणाऱ्या माणसाने कॅमेरा घ्यायचे ठरवले, तर त्याच्यापुढे किती वेगवेगळी कामे असू शकतात, याचा विचार उद्बोधक ठरतो. कोणाला मंदिराचे गोपुर टिपायचे असेल, कोणाला नाच्चियारकोविलच्या पितळी समया किंवा तिरुभुवनमच्या रेशमी साड्या गिऱ्हाइकाला दाखवायच्या असतील, कोणाला लग्नसमारंभाची छायाचित्रे काढून चरितार्थ चालवायचा असेल, तर कोणाला घरातील जुन्या कागदांच्या प्रती करून ठेवायच्या असतील. ही सारी कामे कॅमेऱ्याचीच खरी. पण त्या सर्वांसाठी एकच कॅमेरा योग्य ठरणार नाही.

याच भूमीतील इतिहासात या विचाराला भक्कम आधार सापडतो. तंजावरचे राजे सरफोजी दुसरे यांचा राज्यकाळ १७९८ ते १८३२ असा होता. छायाचित्रणाची कला जगापुढे जाहीर झाली ती १८३९ मध्ये; म्हणजे सरफोजीराजांना कॅमेरा मिळणे शक्यच नव्हते. तरीही त्यांच्या पदरी नेत्रोपचार होत असत, तेव्हा रुग्णांच्या डोळ्यांची चित्रे चित्रकारांकडून काढवून घेतली जात आणि त्यांच्यासोबत रोगाची टिपणे ठेवली जात. ही चित्रे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जतन केली आहेत. साधन साधेच होते : कागद, रंग आणि कुंचला. हेतू मात्र निश्चित होता. काय नोंदवायचे आहे हे ठाऊक असल्यामुळे त्या साध्या साधनातूनही मोलाची नोंद उभी राहिली.

दुसरे उदाहरण प्रत्यक्ष कॅमेऱ्याचे आहे. कॅप्टन लिनियस ट्राइप हे १८५६ पासून मद्रास सरकारचे छायाचित्रकार होते. १८५८ मध्ये त्यांनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्यावरील शिलालेखांची छायाचित्रे घेतली. अवजड कॅमेरा आणि मेणकागदाच्या मोठ्या निगेटिव्ह यांच्या साहाय्याने त्यांनी भिंतीचा भागामागून भाग टिपला आणि २१ छायाचित्रे एकमेकांना जोडून सुमारे १९ फूट लांबीचा सलग पट तयार केला. कोरलेले अक्षर नि अक्षर वाचता यावे, हे त्या कामाचे उद्दिष्ट होते आणि साधनाची व पद्धतीची निवड त्या उद्दिष्टाला धरूनच झाली होती. पुढे मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांना सरकारी छायाचित्रणाचा हा खर्च चैनीचा वाटला आणि ते काम थांबले. गरज कितीही खरी असली, तरी खर्चाची बाजू सांभाळली नाही तर काम अर्ध्यावर राहते, हाही धडा त्या घटनेतून मिळतो. गरज आणि अंदाजपत्रक या एकाच निर्णयाच्या दोन बाजू आहेत.

डिजिटल कॅमेऱ्याचा प्रवास विलक्षण वेगाने झाला. १९७५ मध्ये अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने जो पहिला नमुना तयार केला, त्याचे वजन सुमारे ३.६ किलो होते. त्यात फक्त १०,००० बिंदूंचे कृष्णधवल चित्र उमटत असे आणि ते कॅसेटच्या फितीवर नोंदवायला २३ सेकंद लागत. या बिंदूंनाच पिक्सेल म्हणतात. दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. आज खिशात मावणाऱ्या मोबाइलमध्येही कोट्यवधी पिक्सेल असतात. म्हणूनच जाहिरातदारांनी हा आकडा मोठ्या अक्षरांत छापायला सुरुवात केली आणि ग्राहकही त्यालाच गुणवत्तेचे माप समजू लागला.

हा समज तपासून पाहिला पाहिजे. चांगल्या छपाईसाठी प्रत्येक इंचात ३०० बिंदू पुरेसे मानले जातात. या हिशेबाने ६ इंच बाय ४ इंच आकाराच्या छायाचित्राला १८०० गुणिले १२००, म्हणजे २१ लाख ६० हजार बिंदू लागतात. ए-४ आकाराच्या पूर्ण कागदासाठीही सुमारे ८७ लाख बिंदू पुरतात. म्हणजेच अल्बममध्ये चित्रे लावणाऱ्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर ती पाहणाऱ्या कुटुंबाला १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा भरपूर होतो. त्यापलीकडील आकड्यासाठी मोजलेले पैसे बहुधा वापराविना पडून राहतात. शिवाय प्रत्येक चित्र जास्त जागा अडवते, ते वेगळेच.

आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाचा असतो तो सेन्सर, म्हणजे प्रकाश ग्रहण करणारा भाग, आणि त्याच्यापुढील भिंग. मोठ्या व्यावसायिक कॅमेऱ्यातील सेन्सर ३६ मिलिमीटर बाय २४ मिलिमीटर असतो. तर अनेक लहान कॅमेऱ्यांत तो जेमतेम ६ मिलिमीटर बाय ४.५ मिलिमीटर असतो. क्षेत्रफळात हा फरक सुमारे तीसपट भरतो. पागोळीखाली घागर ठेवली आणि वाटी ठेवली, तर पाणी कशात अधिक साठेल हे सांगावे लागत नाही. प्रकाशाचेही तसेच आहे. दिव्यांच्या उजेडातील मंडप किंवा सायंकाळचा रथोत्सव टिपताना लहान सेन्सरची चित्रे दाणेदार व धूसर होतात. भर दुपारच्या उन्हात गोपुराचे चित्र काढताना मात्र हा फरक फारसा जाणवत नाही. ज्याला केवळ उजेडातच चित्रे काढायची आहेत, त्याने मोठ्या सेन्सरचा भार आणि भाव का सोसावा?

झूमच्या बाबतीतही अशीच दिशाभूल होते. भिंगाच्या हालचालीने वस्तू जवळ आणणारा झूम खरा. डिजिटल झूम म्हणजे काढलेल्या चित्राचाच एक तुकडा कापून मोठा करणे होय. उंच गोपुरावरील मूर्तीचे बारकावे हवे असतील तर पहिल्या प्रकारचा झूम उपयोगी पडतो. दुसऱ्या प्रकारच्या झूमने नवा तपशील येत नाही.

आता गरजांचा एकेक विचार करू. समया, साड्या किंवा अन्य कारागिरी गिऱ्हाइकाला दाखवणाऱ्या कारागिराला महाग कॅमेऱ्याची निकड नाही. खिडकीतून येणारा सौम्य उजेड, मागे स्वच्छ पडदा आणि मोबाइल स्थिर ठेवणारा लहानसा ट्रायपॉड एवढ्यावर त्याचे काम उत्तम होते. पितळ चकाकते म्हणून त्यावर थेट फ्लॅश टाकू नये, एवढे भान मात्र हवे. घरातील मुलांच्या आणि सणासमारंभांच्या आठवणी जपू पाहणाऱ्यालाही चांगला मोबाइल बहुतेक वेळा पुरतो. जगभरच्या ग्राहकांनी हा कौल दिलेलाच आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते. २०२० मध्ये ती संख्या ९० लाखांच्याही खाली आली. साध्या, लहान कॅमेऱ्यांची जागा मोबाइलने घेतली.

जुने कागद टिपण्याची गरज याहून वेगळी आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन केले आणि १८५५ मध्ये ते इंग्रजांनी खालसा केले. या काळात येथे आलेली मराठी कुटुंबे येथेच स्थिरावली. सरस्वती महालात मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. बृहदीश्वराच्या प्रांगणातील भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी लेख आजही उभा आहे. दगड टिकतो, कागद मात्र दमट हवेत विरतो. ज्याच्या घरी अशी एखादी वही किंवा दस्त असेल, त्याच्यासाठी छायाचित्र हे कर्तव्य ठरते. तरीही येथे किमतीहून पद्धत महत्त्वाची आहे. कागद सपाट ठेवावा, कॅमेरा त्याच्या बरोबर वर व समांतर धरावा, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड यावा आणि फ्लॅश बंद असावा. या नियमांनी काढलेले साध्या कॅमेऱ्याचे चित्र, निष्काळजीपणे काढलेल्या महागड्या कॅमेऱ्याच्या चित्रापेक्षा अभ्यासकाला अधिक उपयोगी पडते.

छायाचित्रण हा व्यवसाय करणाऱ्याची गोष्ट निराळी. लग्नाचा मुहूर्त पुन्हा येत नाही. मंद प्रकाश, गर्दी आणि घाई यांत खात्रीने काम करणारा, भिंगे बदलता येणारा कॅमेरा त्याला हवाच. परंतु येथेच तरुण मंडळी सर्वाधिक फसतात. दुकानातील पाटीवर कॅमेऱ्याची किंमत लिहिलेली असते, कामाची नव्हे. चांगले भिंग, दोन मेमरी कार्डे, जादा बॅटरी, ट्रायपॉड, पिशवी आणि चित्रे साठवण्याची हार्ड डिस्क यांचा खर्च त्यानंतर सुरू होतो. एका कंपनीचे भिंग दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला सहसा बसत नाही. त्यामुळे पहिली खरेदी पुढच्या अनेक खरेदींची दिशा ठरवते. यासाठी आधी एकूण रक्कम ठरवावी, तीतून या वस्तूंचा खर्च वजा करावा आणि उरेल तेवढ्यातच कॅमेरा पाहावा. पहिल्या काही कामांसाठी साहित्य भाड्याने घेणे हाही शहाणपणाचाच मार्ग आहे.

हप्त्याने खरेदी करतानाही सावध असावे. ‘शून्य टक्के व्याज’ हे शब्द कानाला गोड लागतात. पण शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याज बहुधा प्रक्रिया शुल्कात किंवा नाकारलेल्या सवलतीत दडलेले असते. म्हणून हप्ता किती हे विचारण्याआधी एकूण किती द्यायचे हे विचारावे. वापरलेला कॅमेरा घ्यायचा झाल्यास भिंग उजेडासमोर धरून पाहावे. कावेरीच्या खोऱ्यासारख्या दमट प्रदेशात भिंगावर बुरशी चढण्याचा धोका मोठा असतो. पक्के बिल आणि भारतात चालणारे हमीपत्र घेतल्याशिवाय नवा कॅमेरा घेऊ नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ग्राहकाच्या पाठीशी आहे आणि तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकही आहे. परंतु पुरावा नसेल तर हक्क लंगडा पडतो.

यावर कोणी म्हणेल, ‘घ्यायचाच आहे तर एकदाच मोठा घ्यावा; हौसेला मोल नसते.’ हौसेचा अनादर करण्याचे कारण नाही. तीच माणसाला शिकवते, आनंद देते आणि कधी कधी उपजीविकेची वाटही दाखवते. परंतु हौस आणि मिरवणे यांत अंतर आहे. ज्याला हौस आहे तो साध्या कॅमेऱ्यानेही सकाळची तिरपी किरणे आणि दगडावरील सावल्या टिपायला शिकतो. त्याची नजर वाढली की कोणते साधन अपुरे पडते हे त्यालाच कळते, आणि मग केलेला खर्च सार्थकी लागतो. शिवाय डिजिटल उपकरणे दागिन्यांसारखी नसतात. दर वर्षी त्यांचे मोल घटते. भविष्यात कधीतरी लागेल म्हणून आज घेतलेले साधन गरज उद्भवेपर्यंत जुने झालेले असते.

कॅमेरा हाती आला म्हणजे सर्वत्र तो रोखण्याचा अधिकारही मिळाला, असे नाही. मंदिरांच्या गर्भगृहात छायाचित्रणाला सामान्यतः मनाई असते. भाविकांच्या शांततेसाठी मंदिरांत मोबाइल वापरण्यास बंदी घालावी, असा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तमिळनाडू शासनाला दिला. तिरुनीलक्कुडीच्या तेलाने न्हालेल्या लिंगाचे दर्शन भाविकाने डोळ्यांनी घ्यावे आणि मनात साठवावे, हेच उचित. काही गोष्टी टिपायच्या नसतात, हे कळणेही निवडीचाच भाग आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण कॅमेऱ्याच्या खरेदीलाही लागू पडते. मात्र अंथरुणाइतकेच आपल्या पायांचे मापही ठाऊक असावे लागते. काय टिपायचे, कोणत्या उजेडात, कोणासाठी, आणि ते कोठे जपून ठेवायचे, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून जो दुकानाची पायरी चढेल, त्याला जाहिरातीचे आकडे भुलवू शकणार नाहीत. घरी आल्यावर काढलेल्या चित्रांची किमान एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवण्याची सवय त्याने लावून घ्यावी. कारण मेमरी कार्ड एका क्षणात निकामी होऊ शकते. सरफोजीराजांच्या चित्रकारांनी रेखाटलेले डोळे दोनशे वर्षांनंतर आजही पाहता येतात, ते कोणीतरी ते कागद सांभाळले म्हणूनच.