भाड्याच्या घरातला गीझर : धूर जातो कुठे?

थंडी पडली की एक बातमी ठरलेली असते. बाथरूममध्ये गॅस गीझर सुरू असताना कोणीतरी गुदमरून दगावते. आपण ती ‘गॅसगळती’ म्हणून वाचतो. प्रत्यक्षात अशा घटनांत अनेकदा गॅस गळलेलाच नसतो. तो जळत असतो, पण अर्धवट.

एलपीजी नीट जळायला भरपूर हवा लागते. दार-खिडकी बंद असलेल्या छोट्या बाथरूममध्ये प्राणवायू कमी होत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळतात. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या 200 पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. डोके जड होते, मळमळते, चक्कर येते आणि कडी काढण्याचेही त्राण उरत नाही. हा प्रकार कधी फिट, तर कधी अशक्तपणा समजला जातो. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटरही इथे फसवतो आणि आकडा ठीक दाखवतो. म्हणून डॉक्टरांना ‘गीझर सुरू होता’ हे सांगणे आवश्यक असते.

भाड्याच्या घरात हा धोका अधिक गुंतागुंतीचा होतो. गीझर मालकाने किंवा आधीच्या भाडेकरूने बसवलेला, वापरणारा तिसराच. पाणी तापेनासे झाले की वाद रंगतो तो दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर. धूर कुठे जातो, हे कोणीच विचारत नाही. केंद्राने 2021 मध्ये राज्यांसाठी आखलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात, करारात वेगळे ठरले नसेल तर, वायरिंग आणि पाइपची मोठी कामे मालकाकडे, तर गीझरची दुरुस्ती भाडेकरूकडे दिली आहे. हा कायदा राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. आपल्याकडची बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या करारावर दिली जातात. तेव्हा करारात काय लिहिले आहे, हे महत्त्वाचे ठरते. पण गीझर कुठे बसवला आहे, हा दुरुस्तीचा नव्हे तर घराच्या रचनेचा प्रश्न आहे आणि भिंतीला भोक पाडण्याचा अधिकार भाडेकरूकडे नसतो.

ब्रिटनमध्ये ही जबाबदारी स्पष्ट आहे. घरमालकाला आपल्या गॅस उपकरणांची दरवर्षी अधिकृत तंत्रज्ञाकडून तपासणी करून तिची प्रत भाडेकरूला द्यावी लागते. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2022 पासून, गॅस शेगडी वगळता, इंधन जाळणारे उपकरण बसवलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणेही मालकावर बंधनकारक आहे.

आपल्याकडे असा नियम येईपर्यंत भाडेकरूने काय पाहावे? गीझर पेटत नसेल तर आधी त्याचे सेल बदला, सिलिंडर आणि पाण्याचा दाब तपासा. वरच्या टाकीतून कमी दाबाने पाणी आले तरी तो पेटत नाही. एवढे घरी करता येते. मात्र ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसली, काजळी धरली किंवा आंघोळीच्या वेळीच डोके दुखू लागले, तर गीझर बंद करा आणि तंत्रज्ञाला बोलवा. विजेच्या गीझरचे पाणी तापायला वेळ लागत असेल तर बहुधा कॉइलवर क्षार साचलेले असतात; पण नळाला हलका जरी करंट लागला तरी मुख्य स्विच बंद करून आधी अर्थिंग तपासून घ्या.

गॅस गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत हवा. तो हलवेपर्यंत बादली भरून घ्या, गीझर बंद करा, खोली हवेशीर होऊ द्या आणि मगच आंघोळ करा. कोणी आत बेशुद्ध पडले तर दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच रुग्णालयात न्या.

घर बघायला गेल्यावर आपण पाणी किती वेळ येते हे हमखास विचारतो. गीझर कुठे आहे आणि त्याचा धूर कुठून बाहेर जातो, हेही त्याच वेळी विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर गीझर हलवून देण्याची अट करारात लिहून घ्यावी. डिपॉझिट दिल्यानंतर हे मागणे अवघड होते.