मॅमोग्राफीची व्हॅन निघून गेल्यावर

ऑक्टोबर आला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीत गुलाबी फलक दिसू लागतात. ‘महिलांसाठी मोफत मॅमोग्राफी शिबिर’, आणि त्याखाली आयोजकांचे हसरे फोटो. ८ मार्चच्या आसपास पुन्हा तेच. या शिबिरांना नावे ठेवण्याचे कारण नाही. एखादीची गाठ तिथे वेळेत सापडली तरी खर्च वसूल झाला. पण स्तनाच्या कर्करोगाची तपासणी एका दिवसात उरकत नाही आणि तिच्यासाठी यंत्र असलेच पाहिजे असेही नाही. याचा पुरावा लोकलने तासाभराच्या अंतरावर तयार झाला आहे.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठी चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ महिला तिच्यात होत्या. त्यांच्या वस्त्यांचे दोन गट पाडले. एका गटातल्या महिलांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, हाताने स्तनतपासणी झाली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. जेमतेम दहावी शिकलेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. मॅमोग्राफीने सरसकट तपासणी कुणाचीच झाली नाही. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. आजार तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात गेल्यावर निदान होणाऱ्यांचे प्रमाण तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के होते, तपासणी झालेल्या गटात ३७ टक्के. स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले, मात्र एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, असे संख्याशास्त्र सांगते. ५० वर्षे आणि त्यापुढच्या महिलांत मात्र हे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. वयाप्रमाणे ही विभागणी नंतर केलेली आहे, त्यामुळे हा आकडा जरा जपूनच वाचायला हवा. तरीही तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आता आपल्याकडे काय चालते ते पाहा. ऑफिसच्या हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये बत्तिशीतल्या मुलीची मॅमोग्राफी होते. त्या वयात स्तनातल्या ऊती दाट असतात, चित्र स्पष्ट येत नाही, शंका निघते, मग आणखी तपासण्या आणि महिनाभराची धास्ती. तिची अठ्ठावन्न वर्षांची आई मात्र घरी असते. ‘मला कुठे काय दुखतंय?’ हे तिचे ठरलेले उत्तर. पण सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही. न दुखणारी, कडक गाठ, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारे रक्त, त्वचेला पडलेली खळी, काखेतली गाठ, यांपैकी काहीही दिसले तर शिबिराची वाट पाहायची नसते.

धोका कुणाला, याबाबतही गोंधळ आहे. ‘आमच्याकडे कुणालाच नव्हता’ असे म्हणून अनेक जणी निर्धास्त राहतात. हा आजार होणाऱ्या बहुतेक महिलांच्या घराण्यात तो आधी झालेला नसतो. बाई असणे आणि वय वाढणे, हेच धोक्याचे सर्वांत मोठे घटक. आई, बहीण, मावशी यांच्यापैकी कुणाला कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर गोष्ट वेगळी. अशा घरातल्या महिलांनी कर्करोगतज्ज्ञांना विचारून जनुकीय चाचणीचा निर्णय घ्यावा. इंटरनेटवर प्रश्नावली भरून टक्केवारी काढण्याची हौस आली आहे. त्यातले प्रसिद्ध ‘गेल मॉडेल’ अमेरिकी महिलांच्या माहितीवर उभे आहे. त्या आकड्यावर डोंबिवलीत झोप उडवून घेऊ नये, आणि निवांतही होऊ नये.

माझा खरा आक्षेप पुढच्या टप्प्यावर आहे. व्हॅन निघून जाते आणि हातात रिपोर्ट उरतो. ‘पुढील तपासणी आवश्यक’. कुठे? कुणाकडे? सोनोग्राफी, मग सुईने तुकडा काढून बायोप्सी, त्यानंतर गाठ कोणत्या संप्रेरकांना प्रतिसाद देते याची चाचणी, हे सारे ओळीने व्हावे लागते. टिटवाळा-बदलापूरच्या बाईने कामाचा खाडा करून, गर्दीच्या लोकलमधून ते कसे जमवायचे? मग कुणी सांगते, सुई लावली की कॅन्सर पसरतो. या भीतीला आधार नाही. उलट निदान न करताच जवळच्या नर्सिंग होममध्ये ‘गाठ काढून टाकू’ म्हणणे अधिक घातक. पुढची शस्त्रक्रिया त्याने अवघड होऊन बसते. योग्य क्रमाने गेल्यास अनेक जणींचा स्तन वाचवून फक्त गाठ काढता येते आणि नंतर रेडिएशन देता येते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत, पण योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांतच. ही यादी रुग्णाला कोण देणार?

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिशीपुढच्या महिलांची दर पाच वर्षांनी स्तनतपासणी व्हायला हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या महिलांपैकी अशी तपासणी कधी तरी झालेल्या एक टक्काही भरल्या नाहीत. पन्नाशीपुढच्यांना त्यात प्रश्न विचारलाच नव्हता!

कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, शिवाय महापालिकांची आरोग्य केंद्रे, जागा आहेत. तिथे आठवड्याचा एक वार ठरवा. परिचारिकांना स्तनतपासणीचे नीट प्रशिक्षण द्या. पन्नाशीपुढच्या महिलांना आशाताईंकरवी घरी निरोप पाठवा. गाठ सापडली तर नाव वहीत लिहून बायोप्सी होईपर्यंत दर आठवड्याला फोन करणारी एक व्यक्ती नेमा. यात महागडे असे काहीच नाही, म्हणून कदाचित उद्घाटनालाही कुणी येणार नाही. तोवर पुढचा गुलाबी फलक दिसला की आयोजकांना एवढेच विचारा: रिपोर्टमध्ये काही निघाले तर सोमवारी सकाळी आम्ही कोणाला भेटायचे?