धुराविना धुरी

गेल्या महिन्यात एका मित्राने मस्कतहून छोटीशी बाटली आणली. ओमानच्या धोफारमधल्या लोबानाचं तेल! जाळायचं नाही, अंगाला लावायचं.

मनगटावर थेंब लावला. पहिली दहा मिनिटं नुसती लिंबाची साल आणि पाइनचं लाकूड. म्हटलं, फसलो! पण कारण साधं आहे. अंगाच्या उबेने पाइनीनसारखे हलके रेणू आधी उडतात, जड रेणू मागे रेंगाळतात. शिवाय यात अल्कोहोल नाही, म्हणून वास खोलीभर न पसरता अंगालगतच राहतो. तासाभराने मनगट हुंगलं आणि थेट लहानपणच्या घरी पोचलो. शेगडीतले निखारे, त्यावर ऊद, वर उपडी टोपली आणि टोपलीवर बाळाची दुपटी! नवल नाही, आपल्या सातपुड्यातली सालई ही या लोबानाच्याच कुळातली.

आमची लेक इथे न्यू जर्सीत जन्मली तेव्हा आई मुद्दाम ऊद घेऊन आली होती. पहिल्याच धुरीला स्मोक अलार्म किंचाळला, शेजारी धावत आले आणि मी आईवर ओरडलो. ती पुडी तिने पुन्हा उघडली नाही. आज आई नाही. माफी मागायची राहूनच गेली.

परवा कॉलेजला परत निघालेल्या लेकीने माझा हात हुंगला. "बाबा, आजीच्या शालीला असाच वास यायचा!"

बाटली तिलाच देऊन टाकली. बजावलं मात्र, "शुद्ध तेल उग्र असतं, खोबरेलात मिसळून लाव. आणि एकच थेंब हं!"