‘सावकारी पाश’ कुठाय?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. छान. आता एक साधा प्रश्न: बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ कुठाय?

१९२५ चा मूकपट, कोल्हापूरचा. सावकारानं जमीन गिळलेला शेतकरी शहरात जाऊन मजूर होतो, ही गोष्ट. शेतकऱ्याचं काम तरुण व्ही. शांताराम यांनी केलं. देवादिकांच्या सिनेमांच्या काळात कर्जबाजारी कुणबी पडद्यावर आला. आम्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या लोकांना याहून जवळचा सिनेमा कोणता? पण तो पाहता येत नाही. प्रिंटच उरली नाही.

कारण आपला स्वभाव: ‘जुनं आहे, ठेवून काय करता?’ फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून कितीतरी रिळं भंगारात गेली. काही उन्हाळ्यानं सडली, काही जळाली. ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा पूर्ण उरला नाही. जे वाचलं त्यात पुण्याच्या संग्रहालयाचे पी. के. नायर यांचा वाटा फार मोठा.

जपानचंही असंच झालं. १९२३ चा भूकंप, मग महायुद्ध. बहुतेक मूकपट गेले. पण तिथं पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे ‘बेन्शी’ असत. त्यातल्या शुन्सुई मात्सुदांनी युद्धानंतर जुनी रिळं शोधून जमवली. दिग्दर्शक किनुगासांना तर १९२६ चा स्वतःचाच हरवलेला सिनेमा १९७१ मध्ये घरच्या कोठारात सापडला. म्हणजे काम एकट्या सरकारचं नाही.

कोणी म्हणेल, इथं शेतकरी मरतोय आणि तुम्हाला सिनेमाचं पडलंय! अहो, त्याच्यासाठीच बोलतोय. शंभर वर्षांपूर्वी कॅमेऱ्यानं मांडलेलं दुखणं आपण हरवलं, म्हणून तर पुढारी दर निवडणुकीत ते कालच झाल्यासारखं बोलतात.

शासनानं पुण्यात बसून वाट पाहू नये. जिल्ह्याजिल्ह्यात जुन्या फिल्म, पोस्टर, गाण्यांच्या चोपड्या गोळा करायची मोहीम काढावी. तालुक्याच्या वाचनालयात एक कपाट द्यावं.

आणि आपण? नेर, दारव्हा, दिग्रस, कुठंही टुरिंग टॉकीजवाल्याचं जुनं घर असेल तर दिवाळीच्या साफसफाईत पेटी रद्दीवाल्याला देऊ नका. रीळ सापडलं तर मशीनवर चढवू नका, आगीपासून लांब ठेवा. जुनी नायट्रेट फिल्म भडकन पेटते. पुण्याच्या संग्रहालयाला कळवा.

अभिजातपणा स्टेटसमध्ये नसतो, जपण्यात असतो. पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा.