झिजलेली गादी आणि बाटलीतलं सत्य

अम्मी तीन वर्षांपासून खुर्चीवर बसून नमाज पढते. सजद्यात कपाळ जमिनीला टेकत नाही, ही खंत तिला गुडघेदुखीपेक्षा मोठी वाटते. परवा तिच्या व्हॉट्सअॅपवर एका नातेवाइकाचा मेसेज आला: 'जनुकाचं इंजेक्शन घ्या, झिजलेली गादी पुन्हा भरते.' तिने विचारलं, "खरं आहे का रे?"

मी तिला दक्षिण कोरियाची हकिकत सांगितली.

सांध्यातल्या गादीला, म्हणजे कूर्चेला, रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे ती झिजली की आपोआप फारशी भरून येत नाही. वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनाचं जनुक पेशींत घालून त्या गुडघ्यात सोडायच्या, ही कल्पना म्हणूनच मोह घालते. जुलै २०१७ मध्ये कोरियाने 'इन्व्होसा' या अशा इंजेक्शनला परवानगी दिली. तीन हजारांहून अधिक लोकांनी ते घेतलं. तिथल्या चाचण्यांत दुखणं कमी झालं होतं, पण कूर्चा पुन्हा वाढल्याचं सिद्ध झालं नव्हतं.

२०१९ मध्ये उघड झालं, की जनुक घातलेल्या पेशी कूर्चेच्या नव्हत्याच. त्या मूळच्या मूत्रपिंडाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी होत्या. अशा पेशींपासून गाठ होण्याची भीती असते. विक्री थांबली, परवाना रद्द झाला आणि रुग्णांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवायचं ठरलं.

कुणी म्हणेल, दुखणं थांबलं ना, मग पेशी कुठल्या का असेनात! मला हे पटत नाही. रुग्ण आपलं शरीर विश्वासाने दुसऱ्याच्या हाती देतो. ती अमानत आहे. काय टोचताय हेच चुकीचं सांगितलं असेल, तर त्याच्या संमतीला अर्थ काय उरला?

मी संशोधनाच्या विरोधात नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये थांबवलेली याच औषधाची चाचणी, पेशींची खरी ओळख समोर ठेवल्यावर, २०२० मध्ये पुन्हा सुरू करायला परवानगी मिळाली. खरं सांगितलं की विज्ञानाचा रस्ता बंद होत नाही.

म्हणून अम्मीला म्हटलं, कुणी असं इंजेक्शन सुचवलं तर तीन प्रश्न विचारायचे: यात नेमकं काय आहे? मंजुरी कुणाची आहे? नंतर माझ्यावर लक्ष कोण ठेवणार?

"म्हणजे सध्या खुर्चीच?" ती म्हणाली.

"खुर्ची, आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम. तो तू करत नाहीस."

ती हसली. मेसेज मात्र तिने पुढे पाठवला नाही.