उन्हाळ्यातील बर्फ, काटकसर आणि साठीपुढचे शरीर

मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात पारा चाळिशी गाठतो, शाळांना सुट्ट्या लागतात आणि घराघरांत बर्फ पाहायला जाण्याचे बेत ठरू लागतात. नातवंडांना स्कीइंगची हौस असते, मुलांना खर्च आटोक्यात ठेवायचा असतो आणि आजी-आजोबांना, तोंडाने काही म्हटले नाही तरी, एकदा हिमालय डोळ्यांनी पाहायचा असतो. या तिन्ही इच्छा रास्त आहेत. त्यांचा मेळ घालताना पैसा कोठे वाचवावा आणि कोठे वाचवू नये, याचा विचार आज करू.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. उन्हाळा चढू लागला की बर्फ वर वर सरकत जातो. मनालीजवळची सोलंग दरी सुमारे २५०० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत तिथल्या उतारांवर स्कीइंग चालते. मे महिन्यात तेच उतार हिरवे असतात. मग बर्फासाठी ३९७८ मीटरवरील रोहतांग खिंड गाठावी लागते. गुलमर्गचेही तसेच. २६५० मीटरवरील ते कुरण मे महिन्यात गवताने भरते आणि बर्फ पाहण्यासाठी गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटच्या उतारावर, सुमारे ३९५० मीटरपर्यंत जावे लागते. म्हणजेच आपल्या देशात उन्हाळ्यातला बर्फ हवा असेल, तर त्याची किंमत रुपयांबरोबर उंचीतही मोजावी लागते.

ही उंची किती, हे आपल्या परिचयाच्या मापाने पाहू. अकोले तालुक्यातील कळसूबाई, महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर आहे. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या, तरी रोहतांग त्यांच्याहून जवळजवळ ७०० मीटर उंच राहते. तेथे हवेचा दाब, आणि त्यासोबत श्वासागणिक मिळणारा प्राणवायू, समुद्रसपाटीच्या साधारण साठ-बासष्ट टक्केच असतो.

स्वस्त सहलीत नेमकी काटकसर कशाची होते? रात्रींची. दिल्लीहून संध्याकाळी बस सुटते, सकाळी मनाली येते आणि दुसऱ्याच दिवशी रोहतांग दाखवले जाते. दिल्ली समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरच्या आत आहे. म्हणजे दीड-दोन दिवसांत शरीर पावणेचार हजार मीटर वर चढवले जाते. मुक्कामाची एक रात्र कमी झाली की खर्च कमी होतो, हे खरे. पण विरळ हवेशी जुळवून घेण्यासाठी शरीराला हव्या असतात त्या याच रात्री. म्हणून काटकसरीचा पहिला नियम असा ठेवावा : वाहन साधे घ्या, खोली साधी घ्या, खरेदी टाळा, पण मनालीतील वर जाण्याआधीच्या दोन रात्री कापू नका.

पैसे वाचवण्याच्या इतर वाटा आहेत. पुण्याहून निघणारी झेलम एक्स्प्रेस आपल्या अहिल्यानगर स्थानकावरून दिल्लीकडे जाते. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद झाली, तरी खालच्या बर्थसाठीचा राखीव कोटा आहे. आरक्षण लवकर केल्यास त्याचा लाभ होतो. रोहतांगला रोज ठरावीक वाहनांनाच परवाना मिळतो, त्यामुळे गर्दीच्या दिवसांत टॅक्सी महागते. त्याऐवजी २०२० मध्ये खुल्या झालेल्या अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सू-कोकसरपर्यंत जाता येते. हा भाग सुमारे ३१०० मीटरवर, म्हणजे रोहतांगहून बराच खाली आहे. मेच्या आरंभी तेथे आसपास बर्फ मिळण्याची शक्यता अधिक, महिनाअखेरीस कमी. नातवाला खरोखर स्कीइंग शिकायचे असेल, तर मनालीतील अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे हिवाळी वर्ग हा अधिक शिस्तीचा मार्ग आहे. मे महिन्यात भाड्याच्या स्कीवर मिळते ती केवळ चव.

आता प्रकृतीविषयी. हृदयविकार, दमा वा फुप्फुसाचा जुना आजार, अनियंत्रित रक्तदाब किंवा तीव्र रक्तक्षय असल्यास तिकिटे काढण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. उंचीचा त्रास टाळणारी ॲसिटाझोलामाइडसारखी गोळी शेजाऱ्याच्या सल्ल्याने घेऊ नये. इन्शुलिन गोठले तर निरुपयोगी होते. म्हणून ते अंगालगतच्या खिशात ठेवावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांना बर्फावरची साधी घसरण, विशेषतः डोक्याला मार लागल्यास, महागात पडते. वाटेत भाड्याने मिळणारे बूट सैल असतील तर घेऊ नयेत. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परतवतो; मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, चांगला गडद चष्मा हवाच.

बरोबरच्या माणसाने तीन खुणा लक्षात ठेवाव्यात. डोके दुखणे, मळमळ आणि थकवा एकत्र आले, तर आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर तत्काळ खाली उतरावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. अशा वेळी ‘इतक्या लांब आलोच आहोत’ हा विचार सर्वांत घातक.

ज्यांची मुले ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आहेत, त्यांचे गणित निराळे. तेथे जून ते सप्टेंबर हा बर्फाचा हंगाम. ऐन हिवाळा असल्याने बर्फ कमी उंचीवर मिळतो. क्वीन्सटाउनजवळचे कोरोनेट पीक साधारण कळसूबाईएवढेच आहे. उंचीची चिंता तेथे नाही. खर्चाची आणि घसरण्याची आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे, आणि प्रवासविम्यात बर्फातले खेळ व जुने आजार धरले आहेत का, हे आधी वाचून घ्यावे.

शेवटी एक विनंती घरातील कर्त्या मंडळींना. ‘आई, तू खालीच थांब’ हे वाक्य खिंडीच्या पायथ्याशी ऐकले की ते नाकारल्यासारखे लागते. बेत ठरतानाच तिला विचारले, मनालीत बियासकाठी तिच्यासाठी एक निवांत दिवस राखला आणि कोणीतरी तिच्यासोबत थांबले, तर तीही सहलच ठरते. हिमालय खालूनही दिसतो, आणि तो पाहण्यासाठी दम लागावाच असे नाही.